पाणी वरून आलं की खालून? हरिकेननंतर घरासाठी कुणाकडे काय मागायचं

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन हे हरिकेन फ्लोरिडाच्या उत्तरेला, बिग बेंडमध्ये, किनाऱ्यावर चढलं. टँपा बेजवळच्या आमच्या भागापासून बरंच लांब. तरी टँपा बेचं पाणी फुगून गल्ल्यांत शिरलं. त्यातून सावरतोय तोवर, १३ दिवसांनी, मिल्टन आलं. सेंट पीटर्सबर्गला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या घरात हेलीनचं पाणी मांडीपर्यंत होतं आणि मिल्टननं त्याच घराचं छप्पर उचकटलं. घर एकच, वादळं दोन, आणि नुकसानाच्या फायलीही दोन. तिच्याबरोबर त्या फायली लावताना जे कळलं ते इथे लिहिते आहे. विम्याचे नियम राज्यागणिक बदलतात. मी लिहिते आहे ते फ्लोरिडाचे; टेक्सास किंवा कॅरोलायनात असाल तर मुदती तिथल्या तपासा. फीमा मात्र सगळीकडे एकच. (परकीय चलनाच्या आपल्या ‘फेमा’ कायद्याशी हिचा संबंध नाही. ही अमेरिकेची केंद्रीय आपत्ती यंत्रणा.)

१. झाडू हातात घेण्याआधी फोन हातात घ्या

तलाठी येईल, पंचनामा करेल, ही आपल्याकडची सवय. इथे पंचनामा आपला आपणच करायचा असतो. मैत्रिणीच्या सासूबाई तेव्हा तिच्याकडेच होत्या. त्या चिपळूणच्या, जुलै २०२१ चा पूर घरात बघितलेल्या. सूनबाई भिंतीवरचा चिखल पुसायला गेली तर त्या ओरडल्याच, “अगं, ती रेघ पुसू नको! पाणी कुठवर होतं ते लोकांना कशावरून दाखवशील?” मग त्यांनी नातवाची मोजपट्टी रेघेला लावून उभी धरली आणि हिनं फोटो काढले. पुढे पुराच्या विम्याच्या माणसानं सगळ्यात आधी तोच फोटो मागितला.

प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, घर बाहेरून चारही बाजूंनी, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसीवरचे मॉडेल व सीरियल नंबर, एवढं टिपा. भिजलेला गालिचा फेकावाच लागतो, कारण दोन दिवसांत बुरशी धरते. पण फेकण्याआधी त्याचा हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवा. गालिचा कुठल्या प्रतीचा होता यावर वाद होतोच.

नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीप्रमाणे तुमची जबाबदारी असते. छपरावर निळी ताडपत्री टाका, फुटलेल्या खिडकीला प्लायवूड ठोका, आणि खिळ्यांच्या पुड्यापर्यंतच्या पावत्या जपा. कायमची दुरुस्ती मात्र विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत सुरू करू नका.

२. वारा आणि पूर, खाती वेगळी

घराचा विमा आहे म्हणजे सगळं आलं, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं नसतं. छप्पर उडालं आणि त्यातून पाऊस घरात आला, तर ते वाऱ्याचं नुकसान, घराच्या नेहमीच्या पॉलिसीत. समुद्र, खाडी किंवा रस्त्यावरचं पाणी दारातून आत आलं, तर तो पूर. त्याला पॉलिसी वेगळी लागते, बहुधा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पूर विमा योजनेची. तिच्यात घरासाठी जास्तीत जास्त २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. सामानाचा विमा वेगळा घेतलेला असावा लागतो. हॉटेलचं भाडं त्या पॉलिसीत नसतं. ही पॉलिसी साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसायला लागल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

म्हणून विमा कंपनीला फोन लावताना “घरात पाणी आलं” असं मोघम बोलू नका. आपल्या मराठीत छप्पर गळलं तरी पाणी आलं आणि ओढा घरात शिरला तरी पाणी आलं. पलीकडचा माणूस ऐकेल ते लिहून घेतो. पाणी कुठून आलं ते आधी सांगा. दोन्हीकडून आलं असेल तर दोन्ही पॉलिसींवर क्लेम करा आणि फोटोही दोन फोल्डरांत ठेवा.

आता डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम. हरिकेनसाठी ती वेगळी असते आणि बहुधा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत: २, ५ किंवा १०. चार लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे ८,००० डॉलर. फ्लोरिडात ती वर्षाच्या हिशेबानं मोजतात. त्याच वर्षी दुसरं हरिकेन आलं तर पहिल्याच्या वेळी सोसलेला खर्च त्यातून वजा होतो (नेहमीचं छोटं डिडक्टिबल तेवढं राहू शकतं). त्यामुळे पहिल्या वादळाचा खर्च डिडक्टिबलच्या आतला असला तरी कंपनीला कळवून ठेवायचा. ‘एवढ्यासाठी कशाला क्लेम’ म्हणून गप्प बसलेल्या कितीतरी जणांना मिल्टननंतर हळहळ वाटली.

३. क्लेम नोंदवा आणि तारखा लिहून ठेवा

फ्लोरिडात नुकसान झाल्या दिवसापासून १ वर्षाच्या आत क्लेम नोंदवावा लागतो. आधी न दिसलेलं काही नंतर सापडलं तर पुरवणी क्लेमसाठी १८ महिने मिळतात. कंपनीवरही बंधनं आहेत: क्लेम मिळाल्याची पोच ७ दिवसांत, आणि पैसे द्यायचे की नाकारायचे याचा निर्णय साधारणपणे ६० दिवसांत. पुराच्या विम्यात मात्र आपण सही केलेला नुकसानीचा दाखला ६० दिवसांत पोचायला हवा. मोठ्या वादळानंतर ही मुदत कधी कधी वाढवतात, पण त्या भरवशावर राहू नका.

एक वही घाला. कोणाशी बोललो, किती वाजता, काय ठरलं ते तिच्यात लिहायचं. फोन झाला की त्याच गोष्टी दोन ओळींच्या ईमेलनं पाठवून द्यायच्या. तोंडी आश्वासनाला पुढे कुणी वाली नसतो.

४. फीमाकडे अर्ज

विमा असो वा नसो, तुमच्या काउंटीसाठी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वैयक्तिक मदत जाहीर झाली की अर्ज करा. साधारण ६० दिवसांची मुदत असते. डिझास्टरअसिस्टन्स डॉट जीओव्ही या साइटवर किंवा १-८००-६२१-३३६२ या क्रमांकावर अर्ज होतो. फोनवर दुभाषा मागता येतो. प्रत्येक वादळाचा अर्ज वेगळा. भाडेकरूंनाही सामानासाठी आणि तात्पुरत्या घरभाड्यासाठी मदत मिळू शकते.

घर पहिल्यासारखं करून देणं हे फीमाचं काम नाही. ते राहण्याजोगं व्हावं इतपतच ती मदत करते. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या वर्षात घरासाठीची कमाल मर्यादा ४३,६०० डॉलर होती. हेलीनची आपत्ती त्याआधी जाहीर झाली म्हणून त्याला ४२,५००. ही टोकाची रक्कम झाली, हातात बहुतेकांना बरंच कमी पडतं. विम्यातून मिळालेल्या गोष्टीचे पैसे फीमा पुन्हा देत नाही.

आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न व्हिसाचा. रोख मदत अमेरिकी नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि निर्वासितांसारख्या काही ठरावीक वर्गांना मिळते. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा त्यात बसत नाही. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं, सोशल सिक्युरिटी नंबर असलेलं अल्पवयीन मूल असेल, तर आईवडील त्याच्या वतीनं घरासाठी अर्ज करू शकतात. हे माहीत नसल्यामुळे अर्जच न करणारी कुटुंबं मी बघितली आहेत. आसरा, जेवण, मानसिक आधार अशा रोख नसलेल्या मदतीला व्हिसाची अट नाही.

घर बघायला येणाऱ्या फीमाच्या माणसाकडे फोटो असलेलं ओळखपत्र असतं आणि तुमचा नऊ आकडी अर्ज क्रमांक त्याला आधीच ठाऊक असतो. तो पैसे मागत नाही. मागितले तर दार लावून घ्या.

मग पत्र येतं, आणि त्यात ‘अपात्र’ असं छापलेलं असतं. मैत्रीण ते वाचून मटकन खाली बसली होती. दुसरं पान उलटलं तर कारण एवढंच, की विमा कंपनीचं निर्णयपत्र जोडलेलं नाही. ते पत्र ६० दिवसांत पाठवून अपील करता येतं. तिनं पाठवलं आणि दोन महिन्यांच्या भाड्याची मदत मिळाली. पहिलं पत्र वाचूनच फाईल कपाटात टाकणारे पुष्कळ असतात.

फीमातून भागलं नाही तर लघुउद्योग प्रशासनाचं आपत्ती कर्ज असतं. नाव उद्योगाचं असलं तरी ते घरमालकालाही मिळतं: मुख्य घराच्या दुरुस्तीसाठी ५,००,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलरपर्यंत. कर्ज आहे, फेडायचं आहे, हे लक्षात ठेवूनच सही करा.

५. दारात आलेला छपरवाला

मिल्टननंतर तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत शिड्या लावलेले ट्रक फिरायला लागले. एक जण माझ्याही दारात आला. गोड बोलला, छपरावर चढला, उतरला आणि टॅब्लेट पुढे केला: “फक्त पाहणीची परवानगी.” मी बोटानं खाली सरकवत गेले. शेवटच्या पानावर पूर्ण छप्पर बदलण्याचा करार होता.

कंत्राटदाराचं लायसन्स मायफ्लोरिडालायसन्स डॉट कॉमवर पाच मिनिटांत बघता येतं. आणीबाणी जाहीर झाल्यापासून १८० दिवसांत, त्या वादळामुळे केलेला छपराचा करार १० दिवसांत किंवा काम सुरू व्हायच्या ठरल्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, दंड न भरता मोडता येतो. कंत्राटदारानं १० टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ घेतले तर त्यानं ३० दिवसांत परमिटसाठी (बांधकामाच्या परवान्यासाठी) अर्ज करायला हवा. ‘डिडक्टिबल आम्ही माफ करतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. ते बेकायदा आहे. विम्याचे हक्क कंत्राटदाराच्या नावे करून देण्याची जुनी पद्धत १ जानेवारी २०२३ पासूनच्या पॉलिसींना बंद झाली आहे. तसला कागद पुढे आला तर सही करू नका.

६. कंपनीनं कमी दिले तर

आधी ॲडजस्टरचा, म्हणजे नुकसान मोजायला आलेल्या विम्याच्या माणसाचा, पूर्ण अंदाज लेखी मागा आणि आपल्या कंत्राटदाराच्या अंदाजाशी ओळीनं ताडून बघा. बहुधा एखादी खोली किंवा अख्खी भिंतच सुटलेली सापडते. तरी जुळलं नाही तर राज्याच्या वित्तसेवा खात्याकडे मध्यस्थी मागा. तिचा खर्च विमा कंपनी देते. खात्याची हेल्पलाइन १-८७७-६९३-५२३६. पुराची सरकारी पॉलिसी या मध्यस्थीत येत नाही. तिचं अपील फीमाकडे, नकाराच्या पत्रापासून ६० दिवसांत.

पब्लिक ॲडजस्टर, म्हणजे फी घेऊन आपल्या बाजूनं क्लेम हाताळणारा माणूस, नेमायचा असेल तर आणीबाणीतल्या क्लेमवर पहिलं वर्षभर त्याची फी १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. माझं मत विचाराल तर क्लेम साधा असताना त्याची गरज नसते. फाटे फुटलेल्या, मोठ्या क्लेमला तो कामाचा.

७. चेक, हप्ता आणि परमिट

घरावर कर्ज असेल तर घराच्या नुकसानीच्या चेकवर बँकेचंही नाव येतं, आणि बँक बहुधा पैसे टप्प्याटप्प्यानं सोडते. तिची कागदपत्रांची यादी पहिल्याच दिवशी मागून घ्या. त्याच फोनवर हप्ते पुढे ढकलण्याबद्दलही विचारा. ते माफ होत नाहीत, म्हणून थकलेले हप्ते नंतर एकरकमी भरायचे की मुदतीच्या शेवटी जोडले जाणार, हे लेखी घ्या.

काँडोत, म्हणजे मालकीच्या फ्लॅटमध्ये, असाल तर इमारत ही फ्लॅटमालकांच्या संघटनेच्या विम्यात येते. आतली फरशी, रंग, स्वयंपाकघरातली कपाटं ही तुमची.

घर पूरक्षेत्रात असेल तर ठोकाठोकी सुरू करण्याआधी परमिट ऑफिसात जा. दुरुस्तीचा खर्च नुसत्या घराच्या, म्हणजे जमीन सोडून, बाजारभावाच्या ५० टक्के किंवा जास्त भरला, तर आताच्या नियमांप्रमाणे घर उंचावर घ्यावं लागू शकतं. त्यासाठी पुराच्या पॉलिसीत ३०,००० डॉलरपर्यंत वेगळी तरतूद असते. मैत्रिणीचं घर ४६ टक्क्यांवर निघालं. काउंटीनं धरलेला भाव कमी वाटल्यामुळे तिनं स्वतः मूल्यांकन करून घेतलं होतं. तो कागद नसता तर आज तिचं घर खांबांवर असतं, नाहीतर विकलेलं.