टेट्रा विकत घेताना: आधी जात ओळखा, मग पिशवी बांधून घ्या

दुकानात गेल्यावर आधी माशाची पाठ बघा. पाठीवरचा मोठा पर संपला की शेपटीच्या अलीकडे आणखी एक चिमुकला, मांसल पर दिसतो. तो असेल, अंगावर खवले असतील आणि तोंडाला मिशा नसतील, तर मासा बहुधा कॅरासिन, म्हणजे टेट्रा ज्या गणात मोडतात त्या गणातला. बार्ब माशांना हा पर नसतो. कॅरासिनांतल्याच काही पेन्सिलफिशनाही नसतो, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर विसंबू नका. या गणात दोन हजारांहून जास्त जाती आहेत, आफ्रिकेतल्या आणि अमेरिका खंडांतल्या. भारतात मूळची एकही नाही.

खरी गल्लत होते निऑन आणि कार्डिनल या दोन टेट्रांमध्ये. निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीकडे जातो, कार्डिनलचा जवळजवळ डोक्यापासून. भाव कार्डिनलचा सांगत असतील तर पट्टा बघूनच पैसे द्या. पाण्याचाही फरक आहे: निऑनला 22–25 अंश मानवतं, ॲमेझॉनच्या रिओ नेग्रो या उपनदीतल्या कार्डिनलला 25–28.

सर्पे आणि विडो हे टेट्रा काटक, पण कुरतडे. एंजल किंवा बेटा माशांचे लांब पर ते सोडत नाहीत. आठ-दहांच्या थव्यात ठेवले की बराचसा दंगा आपसातच जिरतो.

लाल पोटाचं चपटं पिल्लू ‘पिरान्हा’ म्हणून दाखवलं, तर ते पाकू असण्याचीच शक्यता जास्त. आपल्या मासळीबाजारात रूपचंद म्हणून मिळतो तोच. पाकूचे दात दाढांसारखे, फळं-बिया फोडायचे; पिरान्हाचे त्रिकोणी, धारदार. घरच्या टाकीसाठी दोन्ही नकोत. पाकू दोन फुटांपुढे वाढतो.

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण 50 लिटर पाणी मावतं. त्यात दहा कार्डिनल पुरेत. टाकी नवी असेल तर फिल्टर मुरायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू रुजायला, चार ते सहा आठवडे लागतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे आणू नका. पहिल्या आठवड्यातली मर बहुतेक वेळा याच घाईमुळे होते. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात निम्मं आरओचं मिसळा.

मासे आणल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीतलं पाणी आत घाला, असं अर्धा तास. मासे जाळीने उचला. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

शक्यतो तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. निऑनच्या पाठीवर फिका पांढरट डाग पसरत असेल, पट्टा पुसट होत असेल आणि तो थव्यापासून फटकून पोहत असेल, तर निऑन रोगाचा संशय घ्या. त्यावर खात्रीचं औषध नाही. मासा लगेच वेगळा काढा, कारण मेलेल्याला बाकीच्यांनी टोचलं की लागण पसरते.