ऑफिसला जायला रोड बाइक घेताय? या चुका टाळा

तीस ते पन्नास हजारांत रोड बाइक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल, शोधणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर खिळलेलं असतं: गिअरसेट कोणता आणि गाडी किती किलोची. रोज ऑफिसला जायचं असेल तर आधी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. गिअर पुढे बदलता येतो, चाकं बदलता येतात, सीट तर दहा मिनिटांत बदलते. पण फ्रेम आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यात) टायरला किती जागा सोडली आहे, मडगार्ड आणि कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकं आहेत का आणि फ्रेम तुमच्या मापाची आहे का, हे तीन मुद्दे खरेदीच्या दिवशीच ठरतात. नंतर पैसे ओतूनही ते सुधारत नाहीत.

हे लिहिताना माझ्यासमोर पुण्याचे रस्ते आहेत. कोथरूड-बावधनहून बाणेर किंवा हिंजवडी, मध्ये चांदणी चौकाचा चढ, रम्बलर, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि जून ते सप्टेंबर पाऊस. मुंबई-नाशिकमध्ये तपशील बदलतील, हिशोब तोच राहील.

बारीक टायरची गाडी घेणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टायरवर 700×25 किंवा 25-622 असा आकडा छापलेला असतो. त्यातले 25 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि 622 म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास. शर्यतीच्या धाटणीच्या स्वस्त गाड्यांवर 23 किंवा 25 चे टायर असतात. गुळगुळीत हायवेवर ते छान पळतात. आपल्याकडे गटाराच्या जाळ्यांच्या फटी कित्येक ठिकाणी रस्त्याच्या दिशेनेच असतात. त्यात बारीक टायर अडकला की माणूस हँडलवरून पुढे जातो.

रोजच्या वापराला 28 ही किमान रुंदी धरा, 32 मिळाली तर उत्तम. टायर जितका रुंद तितकी हवा (तिचा दाब पीएसआयमध्ये मोजतात) कमी ठेवता येते आणि तेवढेच हादरे कमी बसतात. सत्तर किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये साधारण 75 ते 80 पीएसआय पुरते, 32 च्या टायरमध्ये 55 ते 65. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून तिथे चार-पाच पीएसआय जास्त ठेवा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा आहे. रोज तेवढी हवा भरायची नसते.

दुकानात नुसतं ‘यात 28 बसतील का’ असं विचारून थांबू नका. चाक फिरवून टायर आणि फ्रेममधली फट स्वतः बघा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या रिमवर दाबून लागणारा ब्रेक, असेल तर ब्रेकच्या कमानीखालची फटही बघा, कारण साध्या रोड कॅलिपरखाली (म्हणजे त्याच कमानीखाली) 28 चा टायर जेमतेम बसतो आणि त्यावर मडगार्ड घालायला जागाच उरत नाही. टायर आणि वरच्या भागात बोटभर जागा हवी. तेवढी नसेल तर पावसात चिखल तिथेच साचतो आणि चाक घासत फिरतं.

याच्याच जोडीने व्हॉल्व्ह बघा. रोड बाइकला बहुधा प्रेस्टा, म्हणजे बारीक आणि टोकाला फिरवून सैल करायचा व्हॉल्व्ह असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी त्यावर बसत नाही. सायकलच्या दुकानात पितळी अडॅप्टर अगदी स्वस्तात मिळतो. दोन घ्या, एक घरी आणि एक सीटखालच्या पिशवीत. जाड व्हॉल्व्हची ट्यूब बसावी म्हणून रिमचं भोक ड्रिलने मोठं करून देऊ म्हणणाऱ्याला ठामपणे नाही म्हणा, रिम तिथे कमजोर होते.

मडगार्ड आणि कॅरिअर ‘नंतर बघू’ म्हणणं

पाठीवर लॅपटॉपची सॅक घेऊन पंधरा किलोमीटर चालवलं की शर्ट भिजतो आणि सगळं वजन मनगटांवर येतं. तेच ओझं मागच्या कॅरिअरवरच्या पिशवीत ठेवलं तर प्रवास निम्मा सोपा होतो. त्यासाठी मागच्या चाकाच्या आसाजवळ दोन्ही बाजूंना आणि वर सीटच्या खाली आटे असलेली भोकं हवीत. फोर्कच्या टोकाशीही पुढच्या मडगार्डसाठी भोकं हवीत. ही भोकं मोजायला अर्धा मिनिट लागतो आणि गाडी ऑफिसच्या कामाची आहे की नाही ते तिथेच कळतं.

भोकं नसतील तर क्लिपने अडकवायची मडगार्ड मिळतात, सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) आवळायचं कॅरिअरही मिळतं. पण ते कॅरिअर थोडंच वजन पेलतं आणि खड्ड्यात आपटलं की फिरतं. सीटपोस्ट कार्बनचा असेल तर त्यावर ते मुळीच आवळू नका.

बुटक्या उंचीच्या लोकांनी, विशेषतः पाच फुटांच्या आसपासच्या मैत्रिणींनी, आणखी एक गोष्ट तपासावी. पेडल पुढे आडवं ठेवून हँडल वळवा आणि बुटाचं टोक पुढच्या टायरला लागतं का बघा. लहान फ्रेमवर मोठं 700 चं चाक बसवलेलं असलं की हे होतं, आणि मडगार्ड लावलं की अंतर आणखी कमी होतं. वेगात चालवताना हँडल इतकं वळतच नाही. पण ट्रॅफिकमध्ये हळू वळताना पाय अडकून पडायला होतं. बूट लागत असेल तर दुसरं मॉडेल बघा.

गिअर किती, एवढंच मोजणं

‘एकवीस गिअर’, ‘चौदा गिअर’ या आकड्यांना फारसा अर्थ नाही. बघायचा तो सगळ्यात हलका गिअर. पुढच्या लहान चकतीचे दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात मोजा. पुढे 34 आणि मागे 28 असतील तर पेडलच्या एका फेरीत गाडी सुमारे 2.6 मीटर पुढे जाते. मागे 32 असतील तर सुमारे 2.3 मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर पहिल्या गाडीला ताशी 9 किलोमीटरच्या वर वेग राखावा लागतो, दुसरीला 8 पुरतात. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण चांदणी चौकाचा चढ पाठीमागे बस घेऊन चढताना तोच गुडघे वाचवतो. पुढे 50-34 दातांच्या चकत्या आणि मागे 11 ते 32 दातांच्या, ही जोडी शहरासाठी चांगली.

गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची उतरंड लक्षात ठेवायला सोपी आहे: टूर्नी 7 स्पीड (म्हणजे मागे सात चकत्या), क्लॅरिस 8, सोरा 9, टियाग्रा 10. माझं स्पष्ट मत असं की ऑफिससाठी क्लॅरिसच्या वर जायची गरज नाही. 8 स्पीडची चेन आणि मागच्या चकत्या स्वस्त मिळतात आणि छोट्या गावातही सापडतात. टूर्नीच्या ड्रॉपबार, म्हणजे खाली वळलेल्या हँडलवरच्या, लिव्हरमध्ये एक अडचण आहे: एक गिअर बदलण्यासाठी बाजूचं छोटं बटण अंगठ्याने दाबावं लागतं आणि हँडलच्या खालच्या वळणावर हात असताना ते हाताशी येत नाही. शहरात हात बहुधा वरच असतात, त्यामुळे चालतं. आधी हात ठेवून बघा म्हणजे झालं.

सात स्पीडच्या गाडीत मागे फ्रीव्हील (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसवलेला चकत्यांचा गठ्ठा) आहे की फ्रीहबवर सरकवून बसवलेली कॅसेट, हे मात्र जरूर विचारा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात आणि आसाचा मोठा तुकडा आधाराविना राहतो. वजनदार माणूस, वर लॅपटॉप आणि खाली खड्डे, अशा गाडीचा मागचा आस वाकतो किंवा तुटतो. फ्रीहबमध्ये छर्रा बाहेरच्या टोकापर्यंत असतो.

वजनाबद्दल एवढंच: एखाद-दोन किलोच्या फरकासाठी दहा हजार जास्त देऊ नका. तुमचं कुलूप आणि डबाच तेवढा भरेल.

ब्रेकबाबत घाई

डिस्क ब्रेक म्हटलं की प्रश्न मिटला असं नाही. पावसात रिम ब्रेक थोडा उशिरा लागतो, कारण आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं, आणि चिखलातली वाळू रिमला खात राहते. रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच असते. ती दिसेनाशी झाली की रिम संपली. बारा महिने सायकल चालवणाऱ्याने म्हणूनच डिस्क घ्यावी. पण स्वस्त केबलच्या डिस्कमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. पॅड झिजला की आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून तो जवळ आणावा लागतो. हे माहीत नसल्याने लोक केबल ताणत बसतात आणि ब्रेक लागतच नाही म्हणतात. चेनला स्प्रेने तेल मारू नका, त्याचे कण डिस्कवर बसले की पॅड वाया जातात. थेंब-थेंब सोडायचं तेल वापरा.

उजव्या हाताचा ब्रेक पुढचा की मागचा, हे गाडीगणिक बदलतं. घेतानाच तपासा आणि सवयीप्रमाणे बदलून मागा.

उंची सांगून माप घेणं

‘माझी उंची पाच-सात, कोणती साइज?’ या प्रश्नाला पुरेसं उत्तर नाही, कारण दोन सारख्या उंचीच्या माणसांचे पाय आणि धड वेगळे असतात. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पुस्तक जांघेत घट्ट वर धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापाला 0.883 ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडतात त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माप 76 सेंटिमीटर असेल तर सीट सुमारे 67 वर येईल. ही सुरुवात आहे, पुढे थोडं वर-खाली करायचं. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या; लहान फ्रेम स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून लांबवता येते, मोठी फ्रेम आखडता येत नाही.

खोक्यातून आलेली गाडी तशीच चालवणं

ऑनलाइन घेतलेली गाडी अर्धवट जोडलेली येते आणि ‘उरलेलं आपण करू’ म्हणताना दोन चुका सर्रास होतात. एक, फोर्क उलटा राहतो. फोर्कची कमान पुढे झुकलेली हवी, पुढचा रिम ब्रेक फोर्कच्या समोर दिसायला हवा, आणि डिस्क असेल तर तिचा कॅलिपर (ब्रेकचा पकडणारा भाग) फोर्कच्या डाव्या दांड्याच्या मागे हवा. दोन, पेडलांची अदलाबदल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळतं. चुकीच्या बाजूला जोर लावला की क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) आटेच कापले जातात आणि क्रँक बदलावा लागतो. पेडल आधी बोटांनी सहज दोन-तीन फेरे बसलं पाहिजे, पाना त्यानंतर.

जोडणीचे पाच-सातशे रुपये चांगल्या मेकॅनिकला दिले तर चाकांचा आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, तोही काढून देईल. शिवाय बिल तपासा: 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. बजेटमधले सहा-सात हजार मात्र बाजूला राखून ठेवा. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, यू-लॉक आणि मीटर असलेला उभा पंप हे त्यातच येतं, आणि पंपात काटकसर करू नका.

जुनी गाडी घेत असाल तर बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम नंबर मूळ बिलाशी जुळवा. हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) खाली, जिथे दोन नळ्या मिळतात, तिथे रंगाला केसासारखी भेग असेल तर किंमत कितीही पाडली तरी नको.

घेतल्यानंतर काही बिनसलं तर

पहिल्या महिन्यात गिअर उड्या मारू लागले तर गाडी खराब नाही, नव्या केबल बसताना ढिल्या होतात. मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर) केबल शिरते तिथली गोल चकती थोडी थोडी घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवा. वर्ष-दीड वर्षाने तेच होऊ लागलं तर चेन मोजा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवला की पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. 1/16 इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. 1/8 पर्यंत वाट पाहिली तर मागच्या चकत्याही बदलाव्या लागतात.

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला आणि चार दिवस चालवून बघा. तळहाताला मुंग्या येत असतील तर सीटचं टोक खाली झुकलंय का ते आधी पाहा. झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि ते सावरण्याचं काम हातांवर पडतं.

पंक्चर वारंवार होत असेल तर ट्यूब काढून भोक कुठे आहे ते बघा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि ट्यूब खड्ड्यात रिमवर चिरडली. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप (रिमच्या आतली पट्टी) सरकली आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर काहीतरी टायरमध्येच रुतून बसलंय. यासाठी टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवावं, म्हणजे ट्यूबवरच्या भोकावरून टायरवरची जागा सापडते. तिथे आतून बोट सावकाश फिरवा. बहुधा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक पोलादी तार निघते, ती बाहेरून दिसतही नाही. चिमट्याने ती ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.