पँट्री बघून घर ठरवू नका: मेलबर्नमध्ये घर बांधताना या चुका टाळा

शनिवारी सकाळी मेलबर्नच्या पश्चिमेला कुठल्याही डिस्प्ले व्हिलेजमध्ये, म्हणजे बिल्डरांनी नमुना घरं मांडलेल्या वस्तीत, चक्कर मारा, दहा मिनिटांत मराठी कानावर पडतं. "अगं, ही पँट्री बघ!" आम्हीही असेच गेलो होतो. पँट्रीच्या प्रेमात पडलो आणि परत येताना गाडीतच घर ठरवून टाकलं. जमीन अजून घ्यायचीच होती.

आमचं घर झालं ते व्हॉल्यूम बिल्डरकडून, म्हणजे तयार नकाशांची घरं घाऊक बांधणाऱ्या कंपनीकडून. नंतर मेव्हण्याने ड्राफ्ट्समनकडून स्वतःचा नकाशा काढून घेतला आणि एका छोट्या कस्टम बिल्डरकडून घर बांधलं. दोन्ही घरांचे करार, नकाशे, व्हेरिएशनचे (करारानंतरच्या बदलांचे) कागद माझ्याच जेवणाच्या टेबलावर पसरले होते, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी गाठून विचारतंच, "यातलं बरं कुठलं?" मी उलट विचारतो, "जमीन घेतली का? कशी आहे?" निम्म्या वेळा उत्तर येतं, "जमिनीचं बघू नंतर."

पहिली चूक ती हीच.

घर आधी, जमीन नंतर

व्हॉल्यूम बिल्डरकडे ठरलेले नकाशे असतात. तेच घर तो शेकडो वेळा बांधतो. सुतार तेच, माल घाऊक, चुका आधीच्या घरांवर होऊन गेलेल्या. म्हणून ते स्वस्त पडतं. पण त्या नकाशाला तुमचा सूर्य कुठून येतो हे माहीत नसतं.

इथे सूर्य उत्तरेला असतो. वाचायला सोपं आहे, अंगात भिनायला वर्षं जातात. २१ जूनला भर दुपारी मेलबर्नचा सूर्य उत्तरेकडे क्षितिजापासून जेमतेम २९ अंशांवर असतो. बसायची खोली उत्तरेला असेल तर हे कोवळं ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं. दक्षिणेला असेल तर जून ते ऑगस्ट हीटर आणि तुम्ही. डिस्प्ले होममध्ये हे कळत नाही, कारण तिथे दुपारी बारालाही सगळे दिवे लावलेले असतात. आम्ही पाहिलेल्या घराची मागची बाजू उत्तरेला होती. आमच्या प्लॉटची मागची बाजू दक्षिणेला आहे. घर तेच, पण माझी आई हिवाळ्यात इथे आली की ऊन खायला गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसते.

बिल्डर नकाशा आरशातल्यासारखा उलटा करून देतो, पण गोल फिरवून देत नाही. लांब अरुंद प्लॉटवर ते घर फिरवलं तर बसणारच नाही. वास्तू मानणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. पूर्वेकडे तोंड असलेल्या घरात स्वयंपाकघर छान आग्नेयेला आहे म्हणून नकाशा पसंत केला आणि गॅरेज दुसऱ्या बाजूला हवं म्हणून तो उलटा केला, तर स्वयंपाकघर ईशान्येला जातं. दक्षिण गोलार्धात दिशा उलट धरायच्या की नाही या वादात मी पडत नाही. तो वाद दर गणपतीत होतो आणि दर गणपतीत अर्धवट राहतो. एवढंच सांगतो, की दिशा महत्त्वाच्या असतील तर होकायंत्र जमीन बघतानाच खिशात ठेवा.

उताराचंही तसंच. ठरलेले नकाशे सपाट जमिनीवरच्या स्लॅबसाठी, म्हणजे पायाच्या काँक्रीटसाठी, काढलेले असतात. उतारावर तेच घर बसवायचं तर एका बाजूने खणा, दुसऱ्या बाजूला भर घाला, वर माती अडवायला रिटेनिंग वॉल. तिथे दोन पातळ्यांवरचं कस्टम घर कधीकधी त्याच पैशात होतं. चारशे चौरस मीटरचा चौकोनी सपाट प्लॉट असेल, तर मात्र मी बिनधास्त व्हॉल्यूम बिल्डर म्हणेन.

पाटीवरची किंमत खरी मानणं

"फ्रॉम" म्हणून जी किंमत लावलेली असते ती बेस प्राइस. डिस्प्ले होममध्ये दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी तिच्यात नसतात. आम्ही छत बघून खूश झालो होतो. ते उंच छत अपग्रेड निघालं, मूळ किमतीत २४४० मिलिमीटरचंच होतं. ड्राइव्हवे, कुंपण, पडदे, जाळ्या, बाग, कधीकधी तर लेटरबॉक्ससुद्धा बाहेर. विक्रेत्याला "यात काय काय आहे?" असं विचारू नका, तो हसतमुखाने अर्धा तास सांगेल. इन्क्लूजन्सची छापील यादी मागा आणि ती हातात धरून त्याच घरातून पुन्हा एकदा फिरा. यादीत नाही ते नाही.

मापाचाही एक घोळ होतो. इथे घर अजून 'स्क्वेअर'मध्ये मोजतात. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. "२८ स्क्वेअरचं घर" म्हणजे २८०० चौरस फूट, असं मनात धरून लोक पुण्यातल्या फ्लॅटशी तुलना करतात आणि हरखून जातात. त्या आकड्यात गॅरेज, पोर्च आणि मागचा आल्फ्रेस्कोही (छपराखालची उघडी बैठक) धरलेला असतो. राहायची जागा किती, हे वेगळं विचारा.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र जमिनीखाली असतो. मेलबर्नच्या पश्चिमेचं पठार ज्वालामुखीच्या लाव्हाचं आहे, म्हणजे बसाल्ट. वर त्याचीच चिकणमाती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आपल्याला हे नवं नाही. सोलापूर-अकोल्याकडची काळी माती अशीच, आणि दख्खनचा काळा पाषाणही हाच. काळ्या मातीत बांधलेल्या घरांच्या भिंती कशा तडकतात हे ज्यांनी गावी पाहिलंय, त्यांना सॉइल टेस्टचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रिपोर्टमध्ये जमिनीचा वर्ग येतो: एम, एच-वन, एच-टू, ई असा. पुढची अक्षरं आली की स्लॅब जाड आणि महाग. खणताना खडक लागला तर त्याचे आणखी वेगळे.

म्हणून करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात. साइट कॉस्ट, म्हणजे जमीन तयार करण्याचा आणि पायाचा खर्च, फिक्स्ड आहे का? आणि खडक धरून फिक्स्ड आहे का? दुसऱ्या प्रश्नावर विक्रेता जरा थांबतो. तो थांबला की समजून घ्या.

व्हॉल्यूमच्या घराला कस्टम करायला जाणं

ही चूक खास आपली. मुंबईत बिल्डरच्या माणसाला "जरा ही भिंत सरकवा ना" म्हटलं की ती सरकते. इथेही सरकते, पण त्याला व्हेरिएशन म्हणतात आणि प्रत्येकाचं बिल येतं. वर बिल्डरची प्रशासकीय फी, आणि नकाशे नव्याने काढायचे म्हणून काही आठवडे. ज्या पुनरावृत्तीमुळे घर स्वस्त होतं, तीच तुम्ही मोडता. मग व्हॉल्यूमची स्वस्ताई जाते आणि कस्टमची मोकळीक काही मिळत नाही.

मी लोकांना एक साधी यादी करायला सांगतो. हवे असलेले सगळे बदल लिहा. जे रंग, टाइल, प्लग पॉइंट, नळ यांबद्दल आहेत ते खोडा, ते होतात. जे भिंत, छप्पर, खिडकीची जागा, ड्रेनेज यांबद्दल आहेत तेवढे ठेवा. दोन-तीन उरले तर व्हॉल्यूम बिल्डरकडेच दुसरा नकाशा शोधा, बहुतेक वेळा सापडतो. आईवडिलांसाठी खाली बाथरूमसकट बेडरूम, मुख्य किचनमागे फोडणीसाठी वेगळं स्पाइस किचन, हे आता तयार नकाशांतही मिळतं. सात-आठ उरले तर तुम्हाला त्यांचं घर नकोच आहे, उगीच मोह आहे.

स्वयंपाकघराबद्दल एक जाता जाता. १ जानेवारी २०२४ पासून मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात प्लॅनिंग परमिट लागणाऱ्या नव्या घरांना गॅसची जोडणी मिळत नाही. इंडक्शन धरूनच चला. तळाला गोलाई आलेला आजीचा तवा त्यावर चालत नाही. आणि शेगडीवरच्या रेंजहूडचा धूर नळीने बाहेर जातो की गाळून परत घरातच येतो, हे करारात बघा. हिंग-मोहरीच्या घरात हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

ब्रोशरमधला नकाशा दुसऱ्याला देणं

"नकाशा मोठ्या कंपनीचा घ्यायचा, थोडा बदलायचा आणि छोट्या बिल्डरकडून स्वस्तात बांधून घ्यायचं." हा सल्ला मला तीन वेळा मिळालाय, दोनदा चांगल्या शिकलेल्या माणसांकडून. तो नकाशा कॉपीराइट असतो. "दहा टक्के बदललं की चालतं" ही निव्वळ दंतकथा आहे. २०१६ मध्ये फेडरल कोर्टात मेलबर्नच्याच अशा एका प्रकरणाचा निकाल लागला. नकाशा वापरणारा बिल्डर तर अडकलाच, घरमालकालाही नुकसानभरपाई द्यावी लागली. आवडलेल्या घरातलं काय आवडलं ते शब्दांत लिहून ड्राफ्ट्समनला द्या. नकाशा देऊ नका.

कस्टमवाल्यांच्या चुका

मेव्हण्याने पहिल्या बैठकीत बजेट सांगितलं नाही. "आकडा सांगितला की तेवढाच खर्च काढतात," हे त्याचं तत्त्व. भाजीबाजारात ठीक आहे. इथे नकाशा झाला, इंजिनिअरिंग झालं, मग बिल्डरांचे कोटेशन आले आणि एक अख्खा मजला कापावा लागला. ड्राफ्ट्समनची फी दोनदा गेली ती वेगळीच.

दुसरं, सगळ्यात कमी कोटेशनला भुलणं. त्यात प्रोव्हिजनल सम आणि प्राइम कॉस्ट या नावांखाली काय लपलंय ते बघा. हे अंदाजी आकडे असतात. खोदाई, नळ, टाइल यांना कागदावर कमी रक्कम धरली की कोटेशन आपोआप कमी दिसतं, आणि प्रत्यक्ष खर्च जास्त झाला की फरक तुमचा. तीन कोटेशन शेजारी ठेवा आणि आधी फक्त हे आकडे जुळवा.

आणखी एक. एस्टेटमधला, म्हणजे डेव्हलपरने पाडलेल्या नव्या वसाहतीतला, प्लॉट असेल तर डेव्हलपरचे कव्हेनंट (बंधनकारक अटी) वाचा. दर्शनी भाग कसा हवा इथपासून बांधकाम किती मुदतीत सुरू व्हायला हवं इथपर्यंत सगळं त्यात असतं. कस्टम नकाशालाच वर्ष गेलं तर ती मुदत अंगावर येते. आणि कस्टम म्हणजे आर्किटेक्टच लागतो असं मुळीच नाही. नोंदणीकृत ड्राफ्ट्समन किंवा बिल्डिंग डिझायनर साध्या घरासाठी पुरतो.

पैसे आणि विमा

३१ मार्च २०२३ ला पोर्टर डेव्हिस ही मोठी व्हॉल्यूम बिल्डर कंपनी बुडाली आणि व्हिक्टोरिया-क्वीन्सलँडमधली सुमारे १७०० घरं अडकली. कित्येकांनी डिपॉझिट भरलं होतं, पण बिल्डर बुडाला तर भरपाई देणारा विमाच त्यांच्या नावाने उतरवलेला नव्हता. सरकारने नंतर त्यांना पैसे दिले, पण मधल्या काळात त्या घरांमध्ये काय चाललं असेल ते सांगायला नको. "मोठी कंपनी आहे, काही होत नाही" हे तेव्हापासून मी ऐकून घेत नाही. विम्याचं प्रमाणपत्र तुमच्या नावाने, तुमच्या पत्त्याने हातात आल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

व्हिक्टोरियाच्या १९९५ च्या कायद्यातला हप्त्यांचा नेहमीचा तक्ता असा: डिपॉझिट ५ टक्के, बेसला (पाया) १०, फ्रेमला (घराचा सांगाडा) १५, लॉक-अपला (बाहेरच्या भिंती, दारं-खिडक्या लागून घराला कुलूप लावता येतं तेव्हा) ३५, फिक्सिंगला (आतली दारं, कपाटं वगैरे बसवणं) २५ आणि उरलेले १० पूर्ण झाल्यावर. साडेचार लाख डॉलरच्या करारात एकटा लॉक-अपचा हप्ता १,५७,५०० चा होतो. कायद्यात सुधारणा सुरू आहेत, तेव्हा सहीच्या दिवशीचा नियम बघा. पण तत्त्व तेच, टप्पा पुरा झाला की पैसे. इन्व्हॉइस आला म्हणजे टप्पा झाला असं नाही. बेस, फ्रेम, लॉक-अप आणि चावी घेण्याआधी असे चार वेळा स्वतःचा स्वतंत्र इन्स्पेक्टर न्या. बिल्डरने सुचवलेला नको.

सही झाली, आता लक्षात आलं

कराराची सही झालेली प्रत मिळाल्यापासून पाच कामाचे दिवस कूलिंग-ऑफचे, म्हणजे फेरविचाराचे, असतात, थोडे पैसे कापून बाहेर पडता येतं. त्यानंतरही स्लॅब ओतण्याआधी ड्रेनेज आणि बाथरूमच्या जागा व्हेरिएशन देऊन बदलता येतात. फ्रेम उभी राहिली की भिंती विसरा, पण प्लास्टर लागायच्या आत जादा वायरिंग आणि टीव्ही, कपाटं, हँडल यांच्या मागे आडवी लाकडं मागून घ्या. सगळं ईमेलवर. साइटवर जाऊन गवंड्याला चहा पाजून खिडकी सरकवून घ्यायची आपली सवय इथे चालत नाही. वेळ घेतल्याशिवाय साइटवर पायही ठेवू देत नाहीत.

देवघराच्या जागेजवळ स्मोक अलार्म येत नाही ना, हेही नकाशावर बघून ठेवा. आमचा पहिला सत्यनारायण अलार्मच्या आवाजात झाला. गुरुजी मंत्र थांबवून खुर्चीवर चढले.

आणि झोपाळा. मला हॉलमध्ये कड्यांचा झोपाळा हवा होता, आजोळी होता तसा. फ्रेम पूर्ण झाल्यावर सुपरवायझरला सहज विचारलं. इथलं छप्पर कारखान्यात बनून आलेल्या लाकडी ट्रसवर (त्रिकोणी सांगाड्यांवर) उभं असतं, आणि प्रत्येक ट्रस किती वजन घेईल हे आधीच मोजलेलं असतं. हलतं वजन एका जागी टांगायचं तर ट्रस मागवण्याआधीच सांगायला हवं होतं. "चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंस तर एक ओळ लिहावी लागली असती," तो म्हणाला. आता आमचा झोपाळा मागे आल्फ्रेस्कोत, लोखंडी स्टँडवर आहे. तिथे दक्षिणेचा वारा लागतो, म्हणून हिवाळाभर त्यावर ताडपत्री असते.