आधी निरोगी विभाजन पाहायला शिका

फळमाशीच्या पेशीविभाजनावर काम करायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच म्युटंट, म्हणजे एखादं जनुक बिघडलेली माशी, हवा असतो. मलाही हवा होता, आणि मिळालाही. त्या घाईत माझे जवळजवळ दोन महिने गेले, म्हणून हे लिहिते आहे.

झालं असं. एका जनुकात बिघाड असलेल्या माद्यांची अंडी मी कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली लावली होती. गुणसूत्रं लाल आणि त्यांना ओढणारे तर्कुतंतू हिरवे चमकतील अशी व्यवस्था केलेली. पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाताना, काही गुणसूत्रं मागे रेंगाळत होती आणि थोड्या वेळाने ती केंद्रकं पृष्ठभाग सोडून आत बुडत होती. ज्या केंद्रकाचं विभाजन बिघडतं, त्याला फळमाशीचा भ्रूण असाच पृष्ठभागावरून काढून आत ढकलतो, हे मी वाचलेलं होतं. मला वाटलं, जनुकाचं काम सापडलं. फिल्मवर फिल्म घेत गेले. मग एका वरिष्ठ सहकाऱ्याने एकच प्रश्न विचारला: इतक्याच लेझरवर, इतक्याच वेळाने फोटो घेतले तर निरोगी भ्रूण कसा दिसतो? तो मी पाहिलाच नव्हता. पाहिला, तर तिथेही गुणसूत्रं रेंगाळत होती, केंद्रकं बुडत होती. दोष लेझरच्या माऱ्याचा होता. प्रकाश कमी केला, दोन फोटोंमधला वेळ वाढवला, तेव्हा निरोगी भ्रूण सुरळीत विभागू लागला. म्युटंटमध्ये उरलं ते एवढंच, की मध्यावस्था, म्हणजे गुणसूत्रं मधोमध रांगेत येण्याचा टप्पा, थोडी लांबते. पण तो छोटा फरक खरा होता, आणि माझं पुढचं सगळं काम त्याच्यावरच उभं राहिलं.

निरोगी भ्रूण पाहण्याचा आनंद मला आजही पुरतो. अंडं फलित झालं की पहिली 13 विभाजनं नुसत्या केंद्रकांची होतात. मध्ये पेशीपटल नाही, सगळी केंद्रकं एकाच द्रव्यात. सुरुवातीची एक फेरी 8–9 मिनिटांत उरकते, कारण वाढीसाठी थांबायचंच नसतं: डीएनए दुप्पट करा, वाटा, पुन्हा दुप्पट करा. लागणारा सगळा माल आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेला असतो. दहाव्या फेरीच्या सुमारास केंद्रकं पृष्ठभागाखाली येऊन एका थरात बसतात, आणि तिथून मायक्रोस्कोपला ती स्वच्छ दिसतात. विभाजनाची लाट बहुधा दोन्ही टोकांकडून निघते आणि मध्याकडे सरकत जाते. तेरावी फेरी येईपर्यंत वेग मंदावून वीसेक मिनिटं लागू लागतात. साधारण दोन तासांत सुमारे 6000 केंद्रकं तयार होतात आणि मग त्यांच्याभोवती पटलं उतरू लागतात. हे एकदा डोळ्यांत बसलं, की बिघाड आपोआप खुपतो.

भ्रूण लावण्याची रीत हाताला बसायला वेळ लागतो. फळांचा रस घातलेल्या अ‍ॅगारच्या (जेलीसारख्या) प्लेटवर यीस्टची पेस्ट लावून अंडी गोळा करायची, बाहेरचं कवच ब्लीचने किंवा दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या टेपवर हलकेच लोळवून काढायचं, आणि भ्रूण हॅलोकार्बन तेलात ठेवायचा. या तेलातून त्याला ऑक्सिजन मिळतो. तेल घालायला उशीर झाला तर भ्रूण सुकतो, आणि सुकलेल्या भ्रूणाची विभाजनंही चुकीची दिसतात. उलट, तेलाआधी कमी सुकवला तर तो काचेवरून घसरतो. यात सवयीखेरीज दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

क्रॉस लावण्याबद्दल, म्हणजे निवडलेल्या नर-माद्यांचा संकर करण्याबद्दल, थोडक्यात. व्हर्जिन, म्हणजे अजून नराशी न जुळलेल्या, माद्या 25 अंशांवर कोषातून बाहेर आल्यापासून 8 तासांच्या आत वेगळ्या करा. फिकट अंग आणि पोटावरचा गडद ठिपका ही खूण. शंका आली की ती मादी सोडून द्या. प्रत्येक स्टॉकची, म्हणजे जपून ठेवलेल्या माश्यांच्या वाणाची, एक प्रत 18 अंशांवर ठेवा; तिथे पिढी जवळजवळ दुप्पट वेळ घेते, म्हणून सांभाळायला सोपी. बॅलन्सर म्हणजे बिघडलेलं जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकवायला वापरतात ती खास गुणसूत्रं; त्यांच्या खुणा, जसे सीवायओ या बॅलन्सरचे वळलेले पंख वगैरे, पाठच करा.

आता कोणत्या ऊतीत पाहायचं? विभाजनाची कितीतरी जनुकं पूर्ण मोडली तरी भ्रूण वाचतो, कारण आईने दिलेला साठा पुरतो. अळीचं बरंचसं अंग तर विभाजन न करता, पेशी फुगवूनच वाढतं. विभाजन चालू असतं ते मेंदूत आणि पुढे पंख-पाय होणाऱ्या चकत्यांत. म्हणून अशी अळी मोठी होते आणि अळी-अवस्थेच्या शेवटी किंवा कोषात मरते. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीचा मेंदू काढायला शिकवतात तो याचसाठी. पोलो आणि अरोरा ही दोन किनेझं (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी विकरं) फळमाशीच्या अशाच म्युटंटांतून पुढे आली, 1988 आणि 1995 मध्ये. माणसातल्या त्यांच्या भावंडांवर आज कर्करोगाची औषधं शोधली जातात.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते 2006 मधल्या एका निष्कर्षाने. सास-4 हे प्रथिन नसलेल्या माश्यांत तारककाय, म्हणजे तर्कुतंतूंना टोक पुरवणारी पेशीतली रचना, टिकत नाहीत, तरीही त्या वाढून प्रौढ होतात. प्रौढ झाल्यावर मात्र त्यांच्या संवेदी चेतापेशींना पक्ष्माभिका, म्हणजे केसासारखे सूक्ष्म तंतू, नसतात, हालचालींचा ताळमेळ राहत नाही आणि त्या लवकर मरतात. म्हणजे अळीच्या मेंदूतल्या पेशी तारककायाविनाही गुणसूत्रं वाटून घेतात. पण अगदी सुरुवातीच्या भ्रूणातून तारककाय काढून टाकले, तर तो पुढे जातच नाही. प्रथिन एकच, पण त्याची गरज कुठे पाहता त्यावर ठरते. ‘हे प्रथिन विभाजनाला आवश्यक आहे’ असं वाक्य माझ्याकडे कोणी आणलं की मी आधी ऊती विचारते.

नव्या विद्यार्थ्याला मी आता पहिलं काम देते ते असं: वीस निरोगी भ्रूण, प्रत्येकाची बारावी फेरी, केंद्रकपटल फुटल्यापासून पश्चावस्था सुरू होईपर्यंतचा वेळ. सॉफ्टवेअर नको, डोळ्यांनी मोजा आणि वहीत लिहा. लेझरची पातळी आणि फोटोंमधलं अंतरही तिथेच लिहा. खोलीचं तापमान तर विसरू नकाच; दोन-तीन अंशांनीही या फेऱ्यांचा वेग बदलतो, आणि सकाळची कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी भ्रूणाची, फिल्म दुपारच्या म्युटंटशेजारी ठेवली की तो फरक जनुकाचा वाटू लागतो.