गाझासाठी फलक रंगवताना

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं पेंटिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटलं, पण हाताने लिहिलेले फलक लागले की कॉलेजची पोरं अजून माझ्याकडंच येतात. गाझातल्या युद्धाविरुद्धचे पन्नासेक फलक तरी आम्ही मिळून लिहिले असतील. दर वेळी नवी पोरं येतात आणि त्याच चुका करतात, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी मजकूर ठरवा, ब्रश नंतर. पहिल्यांदा आलेल्या एका पोराच्या कागदावर होतं, ‘ज्यूंनो, चालते व्हा.’ मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, “कोण ज्यू बाळा? आपल्या रायगडात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्रायली? त्यातल्या कितीतरी घरांत, इस्रायलात जाऊनसुद्धा, मराठी टिकली.” पोरगं गप्प झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोरांनी गाझासाठी तंबू ठोकले, तेव्हा वल्हांडण या ज्यू सणाचं जेवण ज्यू विद्यार्थ्यांनी त्या तंबूंतच केलं होतं, हेही त्याला सांगितलं. मग आम्ही लिहिलं, ‘इस्रायल सरकार, गाझाचं अन्न अडवू नका.’ राग कुणावर आहे ते फलकावर नेमकं आलं पाहिजे. धर्मावर गेला की तुमचं आंदोलन संपलं, आणि आपल्या गावात तर भलतंच काहीतरी सुरू होतं. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात कशी दंगल झाली ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

फलकावरचा आकडा ज्याच्या हातात फलक आहे त्याला तोंडी सांगता आला पाहिजे. चहाच्या गाड्यावरचा माणूस हमखास विचारतो, “सुरुवात कुणी केली?” तेव्हा अडखळू नका. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलात सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओलीस नेलं, हे आधी स्वच्छ सांगा. ते सांगायला जो कचरतो त्याचं पुढचं कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. मग सांगा की गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीत ऑक्टोबर २०२५ पर्यंत मेलेल्यांचा आकडा ६७ हजारांच्या वर गेला होता, त्यात हजारो लेकरं. आणि गोष्ट २०२३ ला सुरू झालेली नाही. १९४८ ला सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. १९६७ पासून वेस्ट बँक हा पॅलेस्टिनी भाग इस्रायलच्या ताब्यात आहे आणि तिथं इस्रायली वसाहती वाढतच गेल्या.

दुसरा प्रश्न येतो तो “आपला काय संबंध?” २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानंही गाझावरच्या सभेची याचिका फेटाळताना ‘आधी आपल्या देशातले प्रश्न बघा’ अशाच अर्थाचं सुनावलं होतं. मला ते पटलं नाही. १९४३ ते १९४८ या काळात इथं वळिवड्याला पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि पोरं. माझी आजी त्या कॅम्पात दूध घालायची. भाषा कळायची नाही, पण एक बाई रोज रिकामं भांडं दोन्ही हातांनी धरून उभी असायची, हे ती मरेपर्यंत सांगत होती. आणि भारतानं १९८८ लाच पॅलेस्टाइनला देश म्हणून मान्यता दिलेली आहे. एवढा संबंध मला पुरतो.

आता हाताचं काम. बाबूराव पेंटरांच्या गावात अक्षर वाईट काढू नका. पांढरी कार्डशीट, काळा रंग, दोन ओळी, ओळीत तीन-चार शब्द, बस. शिरोरेषा आधी पट्टीनं पेन्सिलनं ओढा. तिच्या वर दीड इंच मोकळं सोडा, नाहीतर वेलांट्या आणि मात्रा वरच्या ओळीत घुसतात आणि लांबून नुसता काळा पट्टा दिसतो. अक्षर तीन इंचांचं, ब्रश चपटा. पोस्टर कलर नको. एका जुलैत दसरा चौकात पाऊस आला आणि ‘लेकरं’ हा शब्द ओघळून एका पोरीच्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरला. ती तशीच तासभर उभी राहिली. ऑइल पेंटही नको, कागदावर तेलाचा डाग फुटतो. ॲक्रिलिक घ्या. मोठा बॅनर करायचा तर मांजरपाटावर करा.

झेंडा काढायचा तर वर काळा, मध्ये पांढरा, खाली हिरवा, काठीच्या बाजूनं लाल त्रिकोण. निम्मी पोरं हिरवा वर घेतात. त्यापेक्षा कलिंगडाची फोड काढा. तेच चार रंग आहेत, म्हणून जगभर तीच खूण चालते, आणि आपल्याकडं लहान पोरंसुद्धा थांबून बघतात. ‘नदीपासून समुद्रापर्यंत’ (जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र, म्हणजे त्यात इस्रायलही आलं) ही घोषणा मी लिहून देत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात सगळ्यांचं स्वातंत्र्य असेलही, पण ऐकणाऱ्या इस्रायली आईला आपल्या पोरांना हाकलणार असंच वाटतं.

फलकाला काठी लावू नका. पोलीस काठी बघून आधी तीच काढून घेतात. वरच्या कोपऱ्यांना भोकं पाडून सुतळी ओवा आणि गळ्यात अडकवा.

परवानगीचा अर्ज त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. जागा, वेळ, अंदाजे माणसं आणि जबाबदार दोघांची नावं त्यात हवीत. जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा (जमावबंदीचा) मनाई आदेश बऱ्याचदा लागू असतो, तो आहे का ते तिथंच विचारा. स्पीकरची परवानगी वेगळी लागते. मी तर म्हणतो स्पीकर नकोच, गप्प उभे राहा. लोक वाचतात.

संपल्यावर फलक मोजून परत आणा. एक जरी रस्त्यावर पडला आणि कुणाच्या पायाखाली आला, तर ज्या लेकरांसाठी तो लिहिला होता तीच पायाखाली आली असं समजा.

रविवारी दहाला मी शटर उघडतो. कार्डशीट तुमची, रंग माझा.