देशी झाडांचं बी गोळा करताय? आधी कापून बघा

रोपवाटिकेत नव्याने आलेली मंडळी बियांवर भोक आहे का एवढंच बघतात. भोक दिसतं तेव्हा भुंगेरा आतलं खाऊन बाहेर पडलेला असतो. खरी अडचण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या, पण आत अळी असलेल्या बियांची.

खैर, शिरीष, बहावा, आपटा अशा शेंगांच्या झाडांना ही कीड बहुतेक वेळा पोत्यात नव्हे, झाडावरच लागते. मादी शेंगेच्या सालीवर अंडं चिकटवते, अळी अंड्याच्या तळातूनच आत शिरते आणि बी पोखरत वाढते. चिंचेवरचा भुंगेरा (कॅरिडॉन सेराटस) याहून चिवट. तो भुईमुगाच्या शेंगांवर आणि कांचनवर्गातल्या झाडांवरही जगतो, साठवणीत पुन्हा अंडी घालतो आणि उष्म्यात दीड-दोन महिन्यांत नवी पिढी काढतो. त्याची पूर्ण वाढलेली अळी बाहेर येऊन शेंगेवर पांढुरका, कागदासारखा कोष करते. असे कोष दिसले तर ते पोतं त्याच दिवशी वेगळं काढा. आणि चिंच, भुईमूग ठेवलेल्या खोलीत आपट्याचं बी ठेवूच नका, आपटा कांचनवर्गातलाच.

बहाव्याची शेंग लांबलचक असते. आत पातळ पडदे, प्रत्येक कप्प्यात काळ्या चिकट गरात एक बी. इथे भुंगेऱ्याबरोबर पतंगाची अळीही असते. जाळं आणि विष्ठेचा भुसा दिसला की कप्पे एकेक उघडून बघावे लागतात.

शेंगा झाडावरूनच काढा, तयार झाल्या झाल्या. खाली पडलेल्या शेंगा महिनाभर भुंगेऱ्यांना आंदण दिलेल्या असतात. एकाच झाडाच्या भरवशावर राहू नका. शेजारशेजारच्या दोन झाडांच्या किडीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शेंगा आणल्यावर लगेच फोडून बी मोकळं करा, भोकाचं बी आणि टरफलं जाळून टाका. कचरा रोपवाटिकेच्या कोपऱ्यात पडला तर त्यातून निघालेले भुंगेरे तुमच्याच झाडांवर जातात.

आता बी कापून बघणं. ढिगाच्या चार वेगळ्या ठिकाणांहून २५-२५ बिया घ्या. कडक बी नेलकटरने किंवा पकडीने फोडा. आतलं दळ घट्ट, पांढुरकं-पिवळट असेल तर बी चांगलं. पोकळी, भुसा किंवा वळलेली अळी दिसली तर वाया. समजा १०० पैकी ६२ चांगल्या निघाल्या आणि चांगल्या बियांची उगवण ६० टक्के धरली, तर १००० रोपांसाठी साधारण २७०० बिया लागतील. हा हिशेब न करताच पेरतात आणि मग मातीला दोष देतात.

पाण्यात टाकून तरंगणारं बी काढणं उपयोगी आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. लहान अळीचं बी बुडतं, आणि काही जातींचं चांगलं बीही तरंगतं. कडक बी उगवावं म्हणून गरम पाण्यात भिजवतात, तेही निवड झाल्यावरच करा, कारण भोकातून पाणी शिरलेलं बी कुजतं.

साठवायचं असेल तर सावलीत नीट वाळवा, हवाबंद डब्यात भरा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर डबा दिवसभर न उघडता ठेवा, नाहीतर बियांवर दव धरतं. ओलं बी गोठवलं तर किडीबरोबर तेही मरतं. जांभळाच्या बियांना हा उपाय अजिबात करू नका; त्या वाळवणंही सोसत नाहीत, आणल्याबरोबर पेराव्यात. डांबराच्या गोळ्यांनी बियातली अळी मरत नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर माणसालाच घातक, प्रशिक्षित माणसाशिवाय त्यांना हात लावू नका.

झाडावर फवारणी करायचा मोह होईल. करू नका. याच शेंगांतून भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही निघतात, आणि फवाऱ्यात आधी त्या मरतात. बीजगोळे (आत बी घालून वळलेले मातीचे गोळे) करणाऱ्या गटांनी तर कापून बघितल्याशिवाय गोळा वळूच नये. मातीच्या आत बसलेली अळी उगवण्याआधीच बी संपवते.