मागचा ब्रेक धरून बसतोय? कॅलिपर घरीच खोला

श्रावणात त्र्यंबकला जाऊन आलेली गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. पाव फेऱ्यातच अडलं तर ब्रेक धरून बसलाय, म्हणजे डिस्कला पॅडने आवळणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन बहुधा मागे येत नाहीये.

माझ्या गाडीला एका गॅरेजात नवं सील टाकून दिलं, दोन महिन्यांत ब्रेक पुन्हा जाम. मग स्वतः खोलला. सील नवंकोरं, पण ते बसतं त्या खाचेत पांढरी भुकटी तशीच! हे चौकोनी काठाचं रबर नुसती गळती थांबवत नाही. पायडल दाबलं की ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं आणि सोडलं की त्याला मागे ओढून घेतं. ॲल्युमिनियम गंजून खाच भरली की सील पिस्टनला आवळतं, मग पिस्टन मागे येणार कसा?

आपल्या मॉडेलचं सील किट, बॅन्जो बोल्टचे (ब्रेकचा पाइप कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन नवे वॉशर, सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेक ऑइलची न फोडलेली बाटली आणा. बहुतेक गाड्यांना डॉट ४ लागतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर बघून घ्या. उघडी राहिलेली बाटली हवेतला ओलावा शोषते, ती नकोच.

कॅलिपर गाडीवर असतानाच बॅन्जो बोल्ट जरा सैल करून परत लावा, नंतर पकडायला काही मिळत नाही. मग कॅलिपर उतरवा, पॅड काढा आणि पाइप जोडलेला असतानाच पायडल हळूहळू मारत पिस्टन बाहेर आणा. टाकीत ऑइल घालत राहा. पाइप आधी सोडला तर हवेचा कॉम्प्रेसर लावावा लागतो, आणि पिस्टन गोळीसारखा सुटतो. समोर बोट नको. पिस्टन निघाला की पाइप सोडा. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

आता खरं काम. जुनी सीलं लाकडी काडीने उचला. बांबूची काडी चपटी तासून खाचेचे कोपरे खरवडा, टूथब्रश आणि ब्रेक क्लीनरने धुवा. मला या एका खाचेला अर्धा तास लागला. पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. पिस्टनवर नख फिरवा; खड्डा लागला तर पिस्टन बदला.

नवी सीलं ताज्या ऑइलमध्ये बुडवून बसवा: जाड आत, पातळ बाहेर. पिस्टन अंगठ्याने सरळ दाबला की जातो; अडला तर तिरका आहे, ठोकू नका. सरकत्या पिनांना ग्रीस लावा, पॅडना अजिबात नाही. पॅड, कॅलिपर आणि नव्या वॉशरांसह पाइप परत लावा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळा.

एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढताना घरातल्या कुणाला तरी पायडल दाबून धरायला सांगा, कॅलिपरवरचं हवा सोडायचं निप्पल उघडा, बंद करा, मगच पाय उचलू द्या. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. काही एबीएस गाड्यांची एअर मात्र स्कॅनर लावूनच निघते.

पायडल कडक लागल्याशिवाय गाडी हलवू नका. पहाटे गंगापूर रोडवर हळू वेगात आठ-दहा वेळा ब्रेक मारा, नंतर ब्रेक न लावता थोडं चालवून डिस्कवर पाण्याचा थेंब टाका. चर्र झालं तर ब्रेक अजून धरतोय. दुसऱ्या दिवशी निप्पल आणि बॅन्जोखाली कोरडा कागद फिरवून ओल तपासा.